हलतो तो भाग

सोयाबीन कापून झालं की इंदूरच्या हवेत एक कोरडी धूळ येते. ती मातीची नसते, शेंगांच्या टरफलांची असते. मंडीकडे निघालेल्या ट्रॉल्या ती रस्ताभर सांडत जातात. घशाला खवखव, डोळ्यांना पाणी, आणि दुपारी ऊन असं, की पाऊस झाल्याची कोणी शपथ घेतली तरी विश्वास बसू नये. या दिवसांत लोकांना सर्दी होते. मला भीती वाटते.

दर वर्षी वाटते, आणि दिवाळीच्या फराळाबरोबर ती आपोआप बसते, म्हणून मी तिच्याकडे फारसं लक्ष देत नाही. या वर्षी मात्र ट्रॉल्यांच्या मागोमाग एक निरोप आला. कुठल्याशा दूरच्या देशातून, कोणा अनोळखी तरुणाचा. त्यानं लिहिलं होतं की तो आमची लायब्ररी वापरतो, तिच्यात त्याला एक दोष सापडला आहे, त्यानं तो स्वतःपुरता दुरुस्तही केला आहे, आणि ही दुरुस्ती कोणाकडे द्यायची ते त्याला समजत नाही. शेवटी विचारलं होतं, हे काम अजून चालू आहे का?

लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना काही गोष्टी पुन्हा पुन्हा लागतात. रांगा, चळती, साखळ्या, फांद्याफांद्यांची झाडं, नंबराच्या खुंट्या. माहिती कशी रचून ठेवायची, म्हणजे हवी तेव्हा हाताशी येईल, याच्या या जुन्या आणि साध्या रीती. त्या एकदा नीट लिहून ठेवायच्या आणि ज्याला लागतील त्यानं फुकट न्यायच्या, उघडून बघायच्या, हव्या तर बदलायच्या. सुतारानं प्रत्येक टेबलासाठी नवा खिळा घडवत बसू नये, इतकाच त्यामागचा विचार. तशी एक लायब्ररी आम्ही काही जणांनी सुरू केली होती, आणि आता तिच्याकडे बघणारी मी एकटी उरले आहे. आमच्या रांगा आणि खुंट्या जगातल्या कुठल्या यंत्रांत जाऊन बसल्या आहेत, हे मला माहीत नाही. फुकट नेलेल्या वस्तूची खबर कोणी देत नाही. ती दुकानाच्या गल्ल्यात असेल, विमानतळावर असेल, एखाद्या दवाखान्यात कोणाच्या सलाइनचे थेंब मोजत असेल. असा विचार दुपारी जेवताना मनात आला की मी ताट सारून त्या खुंट्या पुन्हा तपासायला बसते.

म्हणून मी त्या तरुणाला उत्तर लिहून ठेवलं होतं. काम बंद करते आहे, क्षमस्व, ज्याला हवं त्यानं आपली वेगळी सोय करावी. लिहून ठेवलं होतं, पाठवलं नव्हतं. चालू आहे का, या प्रश्नाला नाही म्हणायची आमच्या घराला सवय नाही.

हा प्रश्न आमच्याकडे रोज विचारला जायचा. विचारणाऱ्या समोरच्या कुसुममावशी. बाबा संध्याकाळी रिकामा डबा घेऊन गल्लीत शिरले की त्या ओट्यावरून म्हणायच्या, "काय टैमबाबू, मिल चालू आहे ना?"

"सध्या आहे," बाबा म्हणायचे, आणि चपला काढायचे.

उदारीकरण हा शब्द तेव्हा वर्तमानपत्रात रोज येत होता आणि मिलमध्ये कापूस येत नव्हता. सरकारी भाषेत आमची मिल आजारी होती. आजाऱ्याला भेटायला जावं तसे कामगार रोज जात, थोडा वेळ उशाशी बसत आणि परत येत. साचे, म्हणजे माग, बंद, सूत नाही, माल नाही, तरी हजेरी होती. आणि मिरवणूक होती. अनंत चतुर्दशीला इंदुरात मिलांच्या झांक्या निघतात, दिव्यांनी लखलखलेले, हलत्या पुतळ्यांचे देखावे. त्या वर्षी आमच्या मिलमधून कापड निघालं नाही, पण झांकी निघाली. तिच्यावरचा कृष्ण मोटरवर मान हलवत होता आणि लोक म्हणत होते, वा, मिलमध्ये जान आहे अजून.

बाबा टाइम ऑफिसात होते. मिलच्या गेटातून शिरलं की डाव्या हाताला त्यांची खिडकी. खिडकीमागे भिंतभर लाकडी फळा, फळ्यावर खुंट्या, आणि प्रत्येक खुंटीला नंबर कोरलेलं एक पितळी टोकन. कामगारानं नंबर सांगायचा, बाबांनी टोकन द्यायचं, सुटताना ते परत खुंटीवर. लहानपणी मी डबा द्यायला गेले की तो फळा बघत उभी राहायची. टोकनं गेलेल्या खुंट्या म्हणजे आत काम करणारी माणसं. फळा जितका उघडा तितकी मिल भरलेली. त्या वर्षीही सकाळी फळा उघडा व्हायचा आणि संध्याकाळी भरायचा. मधल्या वेळात काही घडत नव्हतं.

सकाळी भोंगा व्हायचा. आई तेव्हा कणीक मळत असायची. भोंग्याची वेळ जवळ आली की तिचे हात परातीत थांबायचे. ती खिडकीकडे बघायची नाही, बोलायची नाही, हात तेवढे थांबायचे. भोंगा झाला की पुन्हा चालू. त्या दिवसांत आमच्या पोळ्या जाड व्हायच्या आणि कोणी तक्रार करत नव्हतं.

मी तेव्हा भंवरकुआंला कॉम्प्युटरच्या क्लासला जात होते. तो भाग आज क्लासांनी जसा माखला आहे तसा तेव्हा नव्हता, पण सुरुवात झाली होती. आमच्या क्लासच्या उद्घाटनाला एक माननीय आले होते. नारळ कुठे फोडावा यावर बरीच चर्चा झाली. कॉम्प्युटरजवळ पाणी नको असं सरांचं मत, आणि पाण्याशिवाय नारळ मिळत नाही ही अडचण. शेवटी तो दाराबाहेर पायपुसण्यावर फुटला. माननीय एकविसाव्या शतकाविषयी बोलायला लागले आणि लाइट गेली. ते अंधारातही बोलत राहिले, आवाजात काही फरक पडला नाही. मशीनच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढायच्या असा नियम होता. देवळात निदान प्रसाद मिळतो, असं सुमेध म्हणाला, आणि तिथून आमची मैत्री झाली.

सुमेध महूहून रोज बसनं यायचा. त्याचे आजोबा फौजेत होते, वडील छावणीतल्या शाळेत मास्तर. त्याला एकच गोष्ट सहन व्हायची नाही. क्लासातली सगळी मुलं तीच ती रांग आणि तीच ती साखळी पहिल्यापासून लिहायची, आणि प्रत्येक जण त्यात आपापली वेगळी चूक करायचा. "अपन इतके जण," तो म्हणायचा, "आणि एक रांग धड नाही लागत आपल्याला." मग त्यानं एका फ्लॉपीवर या सगळ्या रचना नीट लिहायला घेतल्या. मी त्याला येऊन मिळाले, मग आणखी काही जण. फ्लॉपी हातोहात फिरायला लागली. होस्टेलच्या हिंदी मुलांनी तिचं नाव भंडारा ठेवलं. "भिया, भंडारा देना," म्हणत ती यायची आणि आपल्या फ्लॉपीवर उतरवून न्यायची.

नियम एकच होता, सुमेधनं घातलेला. पोटभर जेवा, पण आपापली पत्रावळ उचला. म्हणजे वापरताना काही दोष दिसला तर गप्प बसायचं नाही, येऊन सांगायचा, जमलं तर दुरुस्ती द्यायची. ओपन सोर्स हा शब्द आमच्या कानावर यायला अजून अवकाश होता. तो आला तेव्हा इतका भारदस्त वाटला, की आपण तेच करत होतो हे मला आधी पटलं नाही.

बाबांना मी हे एकदा समजावून सांगितलं होतं. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "पण हे आहे कोणाचं?"

"सगळ्यांचं."

"कंपनी कोणती?"

"कंपनी नाही, बाबा. आम्हीच लिहितो, आम्हीच वाटतो."

"आणि बिघडलं तर? कोणाकडे जायचं?"

"ज्याला दिसेल त्यानं दुरुस्त करायचं."

मिलचा मूळ मालक हात वर करून गेला आणि सरकारनं ती ताब्यात घेतली, तेव्हा गेटवर मांडव पडला होता, भाषण झालं होतं, आजपासून ही मिल आपणा सर्वांची. टाळ्या वाजवणाऱ्यांत बाबाही होते.

"बेटा," ते म्हणाले, "सगळ्यांचं असलेलं एक आमच्याकडे पण आहे. त्याचं काय होतं आहे, बघतेस ना."

वाद घालावा असं त्यात काही नव्हतं.

क्लासात साखळी शिकवली तेव्हा सरांनी सांगितलं होतं की प्रत्येक कडीला फक्त पुढच्या कडीचा पत्ता माहीत असतो. शाळेतली मुलं पुढच्याचा सदरा धरून रांगेनं चालतात तसं. मधल्या एकाची पकड सुटली, की मागचे सगळे गेले. गेले म्हणजे मरत नाहीत. मशीनच्या आठवणीत ते असतात तिथेच असतात, जागा अडवून, पण त्यांच्याकडे जायचा पत्ता कोणाजवळच राहत नाही. सर परीक्षेला येणारा प्रश्न म्हणून सांगत होते. मला मिलच्या भिंतीला टेकून बसलेली माणसं दिसत होती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझी परीक्षा होती. क्लासची नव्हे, नोकरीची. एबी रोडवर काचेची एक नवी इमारत झाली होती, आतल्या लोकांना बाहेरचं दिसावं आणि बाहेरच्यांना स्वतःचं तोंड दिसावं अशी. तिथल्या कंपनीला प्रोग्रॅम लिहिणारी माणसं हवी होती. आपला स्वतःचा चालता प्रोग्रॅम फ्लॉपीवर घेऊन यायचा आणि साहेबांसमोर चालवून दाखवायचा. मिल गेली तर आमच्या घरी चूल या एका नोकरीवर पेटायची होती. हे कोणी मोठ्यानं म्हणालं नाही. आई मला दुधाचा पेला देताना जरा जास्त भरून द्यायला लागली, एवढंच.

मी बाबांच्या फळ्याचा प्रोग्रॅम केला होता. नंबर सांगितला की टोकन मिळतं, कोण आत, कोण बाहेर ते कळतं. माझा भाग लहानसा होता. सगळा डोलारा उभा होता भंडाऱ्यातल्या खुंट्यांवर. बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी ती निळी फ्लॉपी हातात घेऊन उलटसुलट बघितली.

"आपला फळा यात आहे?"

"आहे."

"सगळ्या खुंट्या?"

"सगळ्या."

त्यांनी ती फार हलक्या हातानं टेबलावर ठेवली.

मिलमध्ये दसऱ्याला यंत्रांची पूजा होई. तिची एक रीत होती. कुंकू यंत्राच्या अंगाला लावायचं नाही, हलतो त्या भागाला लावायचं. साळखात्यात, म्हणजे जिथे कापड विणलं जातं तिथे, साच्याच्या लोखंडी चौकटीला कुंकू लावणारा माणूस नवखा समजला जाई. जाणता माणूस आडवं सूत घेऊन धावणाऱ्या धोट्याला लावी, चाकाला लावी. चौकट उभी असते, काम हलणारा भाग करतो. त्या वर्षी साचे थंड होते. तरी बाबा सांगत होते, माणसांनी प्रत्येक साच्याचं चाक हातानं थोडं फिरवलं, धोटा हातानं इकडून तिकडे सरकवला, आणि मग कुंकू लावलं. न हलणाऱ्याची पूजा करायची पद्धत नव्हती. वर्षभर पडून राहिलेल्या लोखंडाला माणसं आपल्या हातांनी हलवत होती, पूजेपुरतं. मला ते चित्र अजून बघवत नाही, आणि मी तर ते पाहिलेलंही नाही.

मिलमधली पूजा उरकून बाबा घरी आले आणि त्यांनी घरची मांडली. पाटावर आईचं शिलाई मशीन, अडकित्ता, पुस्तकं, आणि माझं हत्यार म्हणून ती फ्लॉपी. मी झेंडूची फुलं आणायला गेले होते. परत आले तेव्हा बाबा सोवळ्यात, प्रसन्न चेहऱ्यानं पाटासमोर बसले होते. शिलाई मशीनच्या चाकाला कुंकू होतं, चौकटीला नव्हतं. फ्लॉपीच्या निळ्या प्लास्टिकलाही नव्हतं. तिची पत्र्याची सरकती झडप एका बाजूला ओढलेली होती, आणि आतल्या तपकिरी, गोल, चकचकीत चकतीवर बाबांच्या बोटाचा ओला लाल ठसा होता. त्यावर अक्षता.

"हलतो तो भाग आत आहे," बाबा म्हणाले. "शोधायला वेळ लागला. बरोबर ना?"

"बरोबर आहे, बाबा."

खरंच बरोबर होतं. फिरते तीच चकती, काम तीच करते, आणि नेमकं तिला बोट लावायचं नसतं. बोट लागलं की तिच्यावर लिहिलेलं वाचता येत नाही. आईनं माझा चेहरा बघितला.

"काय झालं ग?"

"काही नाही. सियागंजला जाऊन येते."

"दसऱ्याला? आत्ता?"

"फुलं विसरले."

"फुलं तर तुझ्या हातात आहेत," बाबा म्हणाले.

माझ्या भागाचा छापील कागद जवळ होता, तो पुन्हा टाइप करता आला असता. पण भंडारा? तो कोणाच्या पाठांतरात बसणारा नव्हता. क्लासला सुट्टी, कुलूप. होस्टेल रिकामं, मुलं गावी. सुमेध दर दसऱ्याला घरच्यांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर जायचा, तो परवाशिवाय येणार नव्हता. उरला गुड्डू. तो आमच्याबरोबर शिकून आता सियागंजात वडिलांच्या कब्जे-खिळ्यांच्या, म्हणजे बिजागऱ्या-खिळ्यांच्या, दुकानात बसत होता आणि दुकानातल्या मालाची नोंद त्यानं कॉम्प्युटरवर, भंडाऱ्यातल्या खुंट्यांवर टांगली होती.

टेम्पोत बसले तेव्हा दसरा मैदानाकडे रावण उभा करत होते. धड उभं होतं, डोकी अजून जमिनीवर रांगेत ठेवलेली. मला ती रांगही मोडेल असं वाटत होतं.

सियागंज अर्धं बंद होतं. गुड्डूच्या दुकानाचं एक शटर उघडं, आत उदबत्तीचा धूर. तराजूला हार, गल्ल्याला हार, कॉम्प्युटरला सर्वांत मोठा हार, आणि पडद्यावर काचेवर ओढलेलं स्वस्तिक. मी धापा टाकत सगळं सांगितलं. गुड्डूनं वडिलांकडे बघितलं.

"आज मशीन आराम करेगी, बेटा," सेठजी म्हणाले. "पूजा हो गई है. आज हाथ नहीं लगाते."

"पापा, इनकी फ्लॉपी मर गई."

"मर गई? कैसे?"

"पूजा में."

सेठजींनी माझ्याकडे बघितलं, मग मशीनकडे. मग उठले, कॉम्प्युटरला हात जोडले, हार स्वतः उतरवून तराजूवर ठेवला. "पूजा में मरी है तो जिलानी पड़ेगी," म्हणाले आणि पाणी सांगितलं.

भंडारा होता. गुड्डूनं माझ्यासाठी नवी फ्लॉपी काढली आणि उतरवता उतरवता सहज म्हणाला, "इसमें मैंने थोड़ी छेड़छाड़ की है. चलेगा ना?"

"कसली छेडछाड?"

"याद नहीं, यार. दो कब्जे एक ही खूँटी पे गिर रहे थे. कुछ किया था."

"मग सुमेधला सांगितलं नाहीस?"

"अरे, दुकान चल गई. भूल गया."

पत्रावळ तिथेच टाकून गेलेला माणूस माझ्यासमोर बसून सुपारी चघळत होता, आणि उद्याची माझी चूल त्याच्या न आठवणाऱ्या छेडछाडीवर टेकलेली होती. बाबांचा प्रश्न मला तिथे पहिल्यांदा नीट ऐकू आला. बिघडलं तर कोणाकडे जायचं? उत्तर होतं, या सुपारी चघळणाऱ्याकडे, आणि त्याला आठवत नाही. सगळ्यांचं म्हणजे काय, ते त्या दुकानात मला दिसलं, आणि ते भाषणातल्यासारखं मुळीच नव्हतं. माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. मी तिथेच बसून माझा भाग टाइप केला, कुंकवानं लाल झालेल्या बटणांवर, लाइट जाऊ नये म्हणून मनातल्या मनात ज्याला त्याला विनवत. नास्तिक माणसाला अशा वेळी फार अडचण होते, नेमकं कोणाला विनवायचं ते ठरलेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी काचेच्या इमारतीत एक गणपती, एक कारंजं आणि बरेच सोफे होते. साहेब परदेशात राहून आलेले. त्यांच्यासमोर बाटलीतलं पाणी होतं, आमच्यासमोर नव्हतं. त्यांनी माझा फळा चालवून बघितला. दोन-चार कामगार आत घेतले, बाहेर सोडले. मग विचारलं, खुंट्या किती? मी सांगितलं. प्रोग्रॅम नंबराला खुंट्यांच्या संख्येनं भागतो आणि बाकी उरेल त्या खुंटीवर टोकन टांगतो, म्हणून दोन नंबर एकाच खुंटीवर येऊ शकतात. त्यांनी मनाशी हिशेब केला आणि असे दोन नंबर टाकले की दोन्ही टोकनं एकाच खुंटीवर पडावीत.

आमच्या भंडाऱ्यात तसं झालं तर दुसरं टोकन पहिल्याला पाडून स्वतः बसायचं. पहिला माणूस आत आहे की बाहेर, हे मग कोणालाच सांगता आलं नसतं. हे मला त्या क्षणी समजलं. इतके दिवस आम्ही ते वाटत होतो आणि कोणाला दिसलं नव्हतं.

साहेबांनी पहिला नंबर विचारला. टोकन हजर. दुसरा विचारला. तेही हजर. गुड्डूनं दुसरं टोकन पहिल्याच्या मागे अडकवून ठेवायची सोय केली होती, आपल्या कब्जांसाठी, आणि विसरून गेला होता.

"नाइस," साहेब म्हणाले आणि पाणी प्यायले.

म्हणजे बाबांनी फ्लॉपीला कुंकू लावलं नसतं तर मी जुना भंडारा घेऊन गेले असते आणि तिथेच पडले असते. हे मी बाबांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर श्रेय कुंकवाला गेलं असतं, आणि पुढच्या वर्षी त्यांनी कंपनीत येऊन सगळ्यांच्या झडपा उघडल्या असत्या. कुंकवाची फ्लॉपी मी गुपचूप बदलली. गुड्डूची दुरुस्ती सुमेधला दिली. त्यानं ती भंडाऱ्यात घातली आणि शेजारी गुड्डूचं नाव लिहिलं. गुड्डूला त्याचं काही नव्हतं.

नोकरी लागली. भीती गेली नाही, तिनं घर बदललं. आधी वाटायचं, हे मला मिळेल का. नंतर वाटायला लागलं, हे किती बारीक धाग्यावर मिळालं.

थंडी पडायला लागली आणि एका सकाळी भोंगा झाला नाही. आईचे हात परातीत थांबले होते, ते थांबलेच राहिले. वेळ होऊन गेली. बाहेर दूधवाला आला, गेला. शेवटी मी तिच्यापुढून परात ओढली आणि कणीक मळली. बाबा नेहमीसारखे डबा घेऊन गेले आणि दुपार व्हायच्या आत परत आले, डबा भरलेला. गेटवर कागद चिकटवला होता, म्हणाले. गल्लीत शिरताना कुसुममावशी ओट्यावरच होत्या. त्यांनी बाबांकडे बघितलं आणि त्या दिवशी काही विचारलं नाही. बाबाच क्षणभर थांबले, कोणी विचारेल म्हणून. मग चपला काढल्या.

टोकनं भंगारात गेली, म्हणे. माणसं चहाच्या टपऱ्यांवर, दुकानांच्या दारात, देवळांच्या पायऱ्यांवर बसायला लागली. होती तिथेच होती, जागा अडवून. त्यांचा नंबर विचारणारं कोणी राहिलं नाही.

भंडारा मात्र फिरत राहिला. फ्लॉपीतून तारेत गेला, तारेतून जगात. सुमेध परदेशी गेला, तिथूनही बरीच वर्षं दुरुस्त्या पाठवायचा. मग एकेका ओळीची उत्तरं यायला लागली, मग तीही थांबली. रागावला वगैरे नाही, माणसं दमतात. मी बघत राहिले. का, ते मला सांगता येत नाही. बंद करायची हिंमत नव्हती, हे त्यातल्या त्यात खरं कारण असावं.

आम्ही आता राजेंद्र नगरला राहतो, बाबा आणि मी. आई नाही. बाबांना ऐकू कमी येतं, पण दसरा ते विसरत नाहीत. या वर्षीही पाट मांडला, आईचं शिलाई मशीन ठेवलं, आणि माझा लॅपटॉप मागितला. मी दिला. त्या तरुणाला लिहिलेलं उत्तर त्यात तसंच उघडं होतं, न पाठवलेलं. बाबांनी लॅपटॉप उलटा केला, कडा चाचपल्या, झडप शोधली.

"यात हलतं काय?"

"काहीच नाही, बाबा. आता आत काही फिरत नाही."

"काहीच?"

"काहीच नाही."

ते कुंकवाची वाटी हातात धरून बसून राहिले. न हलणाऱ्याची पूजा करायची पद्धत नाही. मग म्हणाले, "आणि ते तुमचं? भंडारा? ते चालू आहे ना?"

मी पाटावरचं शिलाई मशीन उगाच सरळ केलं. उत्तर आपल्यालाच ऐकू आलं नाही असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी वाटी खाली ठेवली.

"हात दे."

मी हात पुढे केला. त्यांनी माझी बोटं उलगडली आणि एकेका बोटाच्या टोकाला कुंकू लावलं, सावकाश, एकही न चुकता. मग दुसरा हात मागितला. अक्षता टाकल्या. हात जोडले, कोणाला ते मी बघितलं नाही.

बाहेर मंडीकडे जाणारी ट्रॉली गेली, तिची धूळ खिडकीतून आत आली. मी लॅपटॉप मांडीवर घेतला आणि लिहून ठेवलेलं उत्तर पुसलं. बटणांवर लाल ठिपके उमटत गेले. एक माणूस आपली पत्रावळ हातात घेऊन दारात उभा होता, आणि ठेवायची कुठे एवढंच विचारत होता.

मी लिहिलं, सध्या आहे. दुरुस्ती पाठवा.

पाठवलं, आणि हात तसेच बटणांवर ठेवून बसून राहिले, भोंग्याची वाट बघत आई बसायची तशी.